पोटखराबा: राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवरील ग्रामसभांना खुले पत्र

रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतील, ज्यांच्या शिवेत कातळाचा सडा येतो, अशा सर्व गावांच्या ग्रामसभांचे सन्माननीय सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

मी आपल्या जिल्ह्याची नाही. माझे बालपण आणि नोकरीची सगळी वर्षे सोलापूर जिल्ह्यात गेली. आपल्या गावांत माझ्या नावावर गुंठाभरही जमीन नाही आणि आपल्या जमिनीचे काय करावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही, हे आरंभीच मान्य करते. तरीही लिहिते आहे, कारण गेल्या सहा वर्षांत मी आठ वेळा आपल्या सड्यांवर, म्हणजे या उघड्या कातळाच्या पठारांवर, येऊन गेले, आणि शेवटच्या खेपेला जिथे मी दरवर्षी बसत असे तो कातळच जागेवर नव्हता. तिथे पुरुषभर खोल, चौकोनी, लाल भिंतींचा खड्डा होता.

पहिल्यांदा आले ती कशेळीच्या कनकादित्याच्या दर्शनाला. दर्शन लवकर आटोपले, परतीच्या एस.टी.ला तीन तास होते, आणि देवळाच्या सावलीत बसून राहण्याचा माझा स्वभाव नाही. वैशाखातली दुपार होती. वाडीतून वर जाणारी पाखाडी दिसली, ती चढून गेले आणि आंब्या-काजूची झाडे संपताच एकाएकी आभाळाखाली उघडी पडले. समोर काळपट तांबूस कातळ नजर पोहोचेल तिथवर पसरलेला, मध्येच जळून पिवळ्या पडलेल्या गवताचे पुंजके, लांबवर एखादा गडगा, आणि पश्चिमेला समुद्राची बारीक चकचकीत रेघ. सावली म्हणून कुठेच नव्हती. चपलेच्या तळातून चटका लागत होता. कोकण म्हणजे नारळी-पोफळी, अशी समजूत मनात धरून आलेल्या मला हे कोकण कुणी कधी दाखवले नव्हते.

तिथे मी कशी रमले याचे उत्तर मला आजही नीट देता येत नाही. सौंदर्य म्हणावे असे त्या दुपारी तिथे काही नव्हते. पण आमच्या सोलापूरकडच्या माळावर वाढलेल्या माणसाला उघड्या जागेची एक भूक असते, आणि ती भूक हिरव्या दरीत भागत नाही. कातळाचा एक तुकडा खालून पोकळ होता. त्यावर पाऊल पडले की घुमल्यासारखा आवाज येई, आणि मी लहान पोरासारखी तिथेच पुन्हा पुन्हा ये-जा करत राहिले. तेवढ्यात एक टिटवी अंगावर धावून आल्यासारखी डोक्यावरून ओरडत गेली. दोन पावले मागे सरले तेव्हा दिसले, की जिथे पाय ठेवणार होते तिथे खड्यांच्या मध्ये, खड्यांच्याच रंगाची, तिची चार अंडी होती.

म्हशी घेऊन निघालेले एक गृहस्थ थांबले आणि त्यांनी विचारले, "काय ओ ताई, वाट चुकलात काय?"

"नाही, बघतेय जरा," मी म्हणाले.

"इथं काय बघायचं? नुसता कातळ."

त्यांच्या बोलण्यात हेटाळणी नव्हती. पाहुणीची काळजीच होती. पण ते दोन शब्द मी बरोबर घेऊन गेले आणि पुढची सहा वर्षे त्यांच्याशीच वाद घालत आले आहे. हे पत्र त्या वादाचाच भाग समजावे.

जांभ्याबद्दल, म्हणजे सड्याच्या या दगडाबद्दल, मी जे वाचले आणि विचारून घेतले, त्यातले बरेचसे आपल्याला हाताने माहीत आहे. काळ्या कातळावर, म्हणजे बेसॉल्टवर, लाखो वर्षे उष्ण आणि दमट हवेचा मारा झाला, पावसाने त्यातली सिलिका धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली. त्यांचा हा तांबडा, चाळणीसारखा छिद्रे पडलेला दगड झाला. इंग्रजीत त्याला लॅटराइट म्हणतात. ते नाव फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली दिले, केरळातल्या अंगाडीपुरमला लोक हा दगड जमिनीतून कापून काढताना पाहून. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. म्हणजे शास्त्रातले नावसुद्धा चिरा कापणाऱ्या माणसाच्या हातावरूनच पडले आहे. ताजा कापलेला चिरा मऊ असतो आणि वारा लागला की टणक होतो, हे बुकाननने लिहून ठेवले. आपल्याकडे ते ज्याने घर बांधले त्या प्रत्येकाला ठाऊक असते.

पण त्या छिद्रांचे दुसरे काम मला उशिरा समजले. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि मे महिन्यात काही वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. हे कोडे आपल्या सगळ्यांच्या परिचयाचे आहे. सड्यावर पडलेले पाणी काही वाहून जाते, काही कातळातल्या भेगांतून आणि छिद्रांतून खाली उतरते, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडते आणि आडवे सरकत सड्याच्या उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. आपल्या वाड्या, विहिरी, देवळांजवळच्या पाणवठ्यांच्या जागा आणि भाताची कोपरे बहुतेक ठिकाणी याच रेषेवर, सड्याच्या पायथ्याला वसलेली मी पाहिली. वर वस्ती नाही म्हणून ती जागा रिकामी, असे नकाशा पाहणारा म्हणेल. मला मात्र असे वाटते, की आपल्या पूर्वजांनी वरचे अंगण मोकळे सोडले आणि त्याच्या वळचणीला घरे बांधली.

दुसऱ्यांदा आले ती आषाढात, आणि जागा ओळखू येईना. बोटभर मातीच्या खळग्यांत पाणी साचले होते, बेडकांच्या आवाजाने कान किटत होते. पहिल्या पावसाबरोबर फुलणाऱ्या, पांढऱ्या फुलांच्या दीपकाडीचा बहर ओसरत आला होता. ही वनस्पती कोकणातल्या अशा सड्यांवरच वाढते, तिच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे. पुढे श्रावण-भाद्रपदात निळ्या-जांभळ्या सीतेच्या आसवांचे गालिचे पाहिले, पांढऱ्या गेंदाची टोके वाऱ्यावर डुलताना पाहिली, आणि दवबिंदूच्या चिकट पानांवर अडकलेली चिलटे गुडघे टेकून पाहिली. सीतेची आसवे आणि दवबिंदू या दोन्ही कीटकभक्षी वनस्पती आहेत. कातळावरच्या पातळ मातीत नत्र जवळजवळ नसतो. तो त्यांनी किडे-किटकांतून मिळवायचा मार्ग काढला. ज्या मातीत काही पिकत नाही असे आपण म्हणतो, तिच्यात हे पिकले आहे, आणि चांगली खतवलेली माती आणून टाकली तर ते जगणार नाही.

इथे एक कबुली देणे भाग आहे. डोर्ले गावच्या सड्यावर सापडलेली पांढऱ्या पट्ट्यांची एक छोटी पाल १९६३ साली शास्त्रज्ञांनी नवी जात म्हणून नोंदवली. ती दक्षिण कोकणाच्या सड्यांपलीकडे फारशी कुठे आढळत नाही आणि दिवसा सुट्या दगडांखाली दडून राहते. हे मी एका संध्याकाळी वाचले. त्याच दिवशी सकाळी मी निव्वळ कुतूहलाने सड्यावरचे पाच-पंचवीस दगड उलटे करून पाहिले होते आणि एकही जागेवर परत ठेवला नव्हता. प्रेमात पडलेला प्रवासी किती नुकसान करू शकतो, याचा मला तेव्हा अंदाज आला.

कातळशिल्पांबद्दल मी आपल्याला काय सांगावे! ती आपल्याच शिवारात आहेत; रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेच्या मंडळींनी वर्षानुवर्षे सडे तुडवून ती शोधली, नोंदवली, आणि त्या शोधात वाट दाखवणारे अनेकदा आपल्यातलेच गुराखी आणि शेतकरी होते. कशेळीचा हत्ती अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद आहे. त्याच्या अंगाच्या आत आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत, आणि तो पूर्ण दिसावा एवढे उंच उभे राहायला जवळपास काही नाही. कोरणाऱ्याने तो कुणाला दाखवण्यासाठी कोरला असेल, हा प्रश्न मला तिथे दर वेळी पडतो. देवाचे गोठणे येथे शिल्पाजवळ होकायंत्राची सुई भरकटते. कुठे मासे आहेत, कुठे गेंडा, जो आज कोकणात नाही. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही रत्नागिरी जिल्ह्यातली सात ठिकाणे, सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यात कुशावतीच्या काठचे पणसायमळ यांचा एकत्र समावेश झाला. शिल्पांचे नेमके वय अजून ठरलेले नाही. अभ्यासक मध्याश्मयुगापर्यंत मागे जातात. ते काही असो, ज्या कुणी हे कोरले त्यांनी इथे कोण राहते हे दगडावर नोंदवून ठेवले, एवढे तरी स्पष्ट आहे.

आज त्याच जागेची नोंद सातबाऱ्यावर एका शब्दात होते. पोटखराबा.

हा शब्द मी आमच्याकडेही लहानपणापासून ऐकला आहे. लागवडीस अयोग्य, म्हणून आकारणी नाही, एवढाच त्याचा हिशेबी अर्थ. सारा गोळा करणाऱ्या व्यवस्थेने तो आपल्या सोयीसाठी केला आणि तिच्या दृष्टीने तो चुकीचाही नव्हता. पण असे शब्द कागदावर राहत नाहीत, ते माणसांच्या तोंडी बसतात. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही उघड्या खडकाळ जमिनीचा एक स्वतंत्र वर्ग आहे. एकदा पडीक म्हटले की पुढचा प्रश्न आपोआप येतो, की मग हिचे काही तरी करू या. २०२३ साली बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी झालेल्या सर्वेक्षणावरून जो संघर्ष झाला, त्यात कुणाची बाजू मांडण्यासाठी हे पत्र नाही. मात्र त्या दिवसांत आमच्याकडे सुशिक्षित माणसांच्या तोंडून "तिथे आहे काय, ओसाड माळ" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले, की म्हशींमागे चाललेल्या त्या गृहस्थांचे दोन शब्द मला फार सौम्य वाटू लागले.

आमचे काय झाले ते सांगते, म्हणजे मी हे उपदेशाने बोलत नाही हे लक्षात येईल. नान्नजचा माळ आमच्यापासून लांब नाही. तिथे माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. पण अभयारण्याच्या आत आणि बाहेर माळ हा पडीकच मानला गेला. जिथे जमेल तिथे तो नांगरला, जिथे नांगर चालेना तिथे झाडे लावली, आणि झाडे लावणे हे पुण्याचेच काम असल्यामुळे कुणाला वाईटही वाटले नाही. माळढोकाला झाडे नको होती, त्याला उघडा माळ हवा होता. माझ्या वडिलांनी हा पक्षी थव्याने पाहिला होता. मी एकटा-दुकटा पाहिला. माझ्या पुतण्याने फलकावर पाहिला. त्या काळात आमच्या गावात कुणी मुद्दाम वाईट वागले नाही. आम्ही फक्त त्या जमिनीला रिकामी म्हणत राहिलो.

आपल्याकडे काय चालले आहे ते आपण रोज पाहता. चिरेखाणी वाढल्या आहेत आणि यंत्रामुळे, पूर्वी वर्षभरात होई तेवढी खुदाई काही आठवड्यांत होते. कातळ सुरुंगाने फोडून, दुसरीकडून माती आणून हापूसच्या बागा उभ्या राहतात. बाहेरचे लोक सड्याचे तुकडे घेऊन चारी बाजूंनी कुंपण घालतात आणि मग अनेक वर्षे तिथे काहीच करत नाहीत, ही मला सर्वांत चमत्कारिक गोष्ट वाटते. यातल्या पहिल्या दोन गोष्टींवर आपल्यातल्या कित्येकांचे घर चालते, हे मी जाणून आहे. मी ज्या वाडीत उतरते तिथल्या घराच्या भिंतीही चिऱ्याच्याच आहेत, आणि त्या घरातला हापूस मी दरवर्षी मागून नेते. एकेका सातबाऱ्यावर तीस-तीस नावे, त्यातली अर्धी मुंबईत, सणाला येणारी. अशा सामायिक जमिनीबद्दल चार माणसांचे एकमत होणे किती कठीण असते, हेही घरातल्या बोलण्यातून कानावर पडले आहे. अशा वेळी एखादा गरजू हिस्सेदार आपला वाटा विकतो तेव्हा, वर्षातून एकदा येऊन फुले पाहणाऱ्या बाईने त्याला नावे ठेवावीत, हे मला शोभणार नाही.

म्हणून माझी विनंती विकू नका किंवा खणू नका अशी नाही. माझी विनंती नोंदीची आहे. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोकांना विचारून लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. आपल्या ग्रामपंचायतीच्या कपाटात ती कदाचित असेल. कृपया पुढच्या ग्रामसभेत ती काढावी आणि तिच्यात सड्यासाठी किती पाने आहेत ते पाहावे. एखाद्या अभ्यासकाने दोन दिवसांत भरलेली वनस्पतींची यादी तेवढी असेल, तर ती पुरेशी नाही. कोणत्या खळग्यात पाणी कधीपर्यंत टिकते, कोणत्या भेगेत उतरलेले पाणी कोणत्या वाडीच्या पऱ्याला येते, गवत कुठले कधी काढतात, खळे कुठे घालत असत, राखणदाराला नारळ कुठे ठेवतात, टिटवी कुठे बसते, हे सगळे लिहिलेले असावे, आणि ते डोक्यावर गवताचे भारे वाहिलेल्या बायकांना आणि गुराख्यांना विचारून लिहिलेले असावे. त्यांचे वय होत चालले आहे. सड्याच्या प्रत्येक भागाला त्यांच्या तोंडी नाव असते. कागदावर त्याच भागाला फक्त गट क्रमांक असतो.

अशी नोंद झाली म्हणून कुठली खाण आपोआप थांबणार नाही, हे मला कळते. पण उद्या खाणीच्या किंवा आणखी कशाच्या परवानगीचा कागद ग्रामसभेपुढे आला, तर त्या जागेच्या खाली कुणाची विहीर आहे हे तिथल्या तिथे काढून दाखवता येईल, आणि "तिथे काही नाही" असे म्हणणाऱ्यावर ते सिद्ध करण्याची पाळी येईल. एखाद्या सड्याबद्दल गावाचे मन झालेच, तर त्याच कायद्यात स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून राज्य सरकारने जैवविविधता वारसा स्थळ जाहीर करण्याची तरतूदही आहे. ते व्हावे की नाही, हा सर्वस्वी आपला प्रश्न आहे.

आणि आम्हा येणाऱ्यांबद्दल. फुलांच्या जाहिराती करून गर्दी बोलावण्याचा मोह होईल, कारण त्यात चार पैसे आहेत. साताऱ्याच्या कास पठाराचे उदाहरण डोळ्यांपुढे असू द्यावे. पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ साली त्याचा समावेश झाला, आणि फुलांच्या दिवसांत रोज किती माणसे आत सोडायची याची मर्यादा घालण्याची वेळ तिथल्या लोकांवर आली. शिल्पाच्या रेषा फोटोत उठून दिसाव्यात म्हणून त्यांत खडूची पूड भरणारे पर्यटक मी पाहिले आहेत, आणि बुटांनिशी हत्तीच्या पाठीवर उभे राहिलेलेही. उक्षीच्या ग्रामस्थांनी आपल्या हत्तीभोवती चिऱ्यांचा गोल गडगा घातला, ते मला फार आवडले. वाट दाखवायला गावातलाच माणूस, त्याचे ठरलेले मानधन आणि चपला बाहेर, एवढे नियम आपण केलेत तर आमच्यापैकी जे खरोखर पाहायला येतात त्यांची काही तक्रार असणार नाही. बाकीचे आले नाहीत तरी चालेल. शिवाय, जमल्यास एखाद्या पाहुण्याला वैशाखातही वर नेत जावे. फुलांवर बसवलेली माया फुले सुकली की सुकते.

पुढच्या वैशाखात मी येणार आहे. जो कातळ खणून गेला, त्याच्या उत्तरेला साधारण तीनशे पावलांवर एक लांबट खळगा आहे. त्याच्या एका कडेला पाणी पिण्यासाठी वाकलेल्या गुरांच्या खुरांनी दगड गुळगुळीत झाला आहे, आणि भाद्रपदात तो सीतेच्या आसवांनी निळा होतो. त्याला आपल्याकडे काय म्हणतात, हे मी तीन जणांना विचारले. दोघांना ठाऊक नव्हते, आणि तिसरे म्हणाले, "आईला ठाऊक होतं." ग्रामसभेत कुणाला ते नाव आठवत असेल, तर तेवढे नोंदवहीत लिहून ठेवावे.

आपली,
सोलापूरची एक प्रवासी